दूधबाव

रात्री अकरा वाजून गेले की आमच्या खिडकीचं एक तावदान थरथरू लागतं. आधी तावदान, मग मांडणीवरची स्टीलची भांडी, मग पिंपावरचं झाकण; आणि झाकणाचा किणकिणाट कानात नीट शिरतो न शिरतो तोच दिव्यांनी भरलेले डबे एकामागून एक खिडकीच्या चौकटीतून सुटत जातात, कुणाची उशी, कुणाचा हात, वरच्या बर्थवरून लोंबणारी कुणाची चादर, असं सगळं अर्ध्या अर्ध्या क्षणापुरतं आपल्या घरात येऊन निघून जातं. कोकणकन्या. दादरला थांबते, ठाण्याला थांबते. मधल्या आम्हाला नुसता वारा.

भिंतीपलीकडून काकींचा आवाज येतो, "गेली."

पहाटे पाचच्या पुढे परतीची गाडी मुंबईकडे धडधडत जाते, तेव्हा त्याच आवाजात त्या म्हणतात, "इली." ही गाडी सुरू झाल्यापासून काकींचा दिवस या दोन शब्दांच्या मधे मावलेला आहे. त्या मालवणच्या. लग्न होऊन कांजूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. म्हणजे रेशनकार्डावर झाल्या.

आमच्या स्टेशनच्या नावातच एक गंमत आहे. कांजूर हे गाव, आणि त्या गावाला जाणारा तो कांजूरमार्ग. मुक्कामाला नाव असतं, आमच्याकडे वाटेलाच आहे. पूर्वेला उतरून कांजूरगावच्या रस्त्याने सरळ चालत राहिलं की घरं विरळ होतात, मग द्रुतगती महामार्ग आडवा येतो, आणि त्याच्या पलीकडे जमीन एकदम सपाट, ओलसर, आभाळाला पाठ टेकून पडल्यासारखी दिसते. मिठागरं. त्यांच्याही पुढे तिवरांची काळपट हिरवी रेघ, आणि रेघेमागे ठाण्याची खाडी.

आम्ही घाटावरचे. माण तालुक्यातले. तिथे पाणी म्हणजे विहीर, आणि विहीर म्हणजे वाकून बघायची गोष्ट. फेब्रुवारीतच तळाचे दगड मोजता येत. वडील कारखान्यात नोकरीला लागले आणि आम्हाला घेऊन कांजूरला आले, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी माझं बोट धरून ते मला या सपाट जमिनीवर घेऊन गेले. मे महिना होता. चौकोनी वाफ्यांतून पाणी आरशासारखं उभं होतं, बांधावर मिठाचे ढीग होते, आणि उन्हात ते इतके पांढरे दिसत होते की डोळ्यांत पाणी यायचं. गुडघ्यापर्यंत पाय भरलेला एक माणूस लांब दांड्याची लाकडी फळी वाफ्यातून ओढत होता. त्या फळीचा आवाज मला अजून आठवतो. तांदूळ पाखडताना येतो तसा, पण ओला. उधाणाचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत फिरवत ऊन पाजायचं, आणि पाण्यातलं पाणी उडून गेलं की उरलेलं ओढून घ्यायचं, एवढाच तो धंदा. वडील बराच वेळ बघत राहिले. मग खाडीकडे हात करून म्हणाले, "एवढं पानी, आन् घोटभर पियाला न्हाई."

ते वाक्य माझ्या अंगात मिठासारखं राहिलं.

आता पुष्कळ आगरं ओस पडली आहेत. त्या जमिनीवर काय उभं राहावं याचे वाद वर्तमानपत्रांतून येत असतात; वारा फिरला की कचऱ्याचा वास घरात येतो आणि खिडक्या लावून घ्याव्या लागतात. पण हिवाळ्यापासून वळवापर्यंत खाडीच्या चिखलात रोहित उतरतात, हजारांनी. 2015 साली ठाणे खाडीला त्यांच्यासाठी अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2022 मध्ये ती रामसर पाणथळींच्या यादीत गेली. मला मात्र आठवतो तो भरतीचा क्षण. चिखल पाण्याखाली जाऊ लागतो, तिवरांच्या मुळांशी निवट्या टुणकन उडतात, आणि दूरवर गुलाबी रेघ एकाएकी उचलली जाते, वळते, आणि वळताना पंखांच्या आतला लाल रंग सगळीकडून एकदम उघडतो. पायाखाली कचरा, डोळ्यासमोर हे. कांजूर असंच आहे.

तर असा आयुष्यभर खाडीकाठी राहिलेला मी, पंचावन्नाव्या वर्षापर्यंत कोकणात गेलो नव्हतो. शेजारपाजारच्या निम्म्या घरांना गणपतीत कुलूप लागायचं, आठवड्यावर आठवडे चाकरमान्यांची वाट बघत चाळ रिकामी बसायची, परतताना त्यांनी आणलेल्या काजू-कोकमांत आमचाही वाटा असायचा. पण आमचं गाव दुसऱ्या दिशेला. या वर्षी मे महिन्यात तिकीट काढलं. काकींना सांगायला गेलो. त्या कोळंबी सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "किल्ल्यार जातलंस?"

"जाणार."

"मगे माका दूधबावचा पाणी हाड. एक बाटली भरून."

त्यांचे वडील मालवण बंदरात होडी चालवत. किल्ल्यावर माणसं, सामान, लाकूडफाटा ने-आण करत. माहेरचं घर आता भावांच्या मुलांत वाटलं गेलंय, गुडघे जिने चढू देत नाहीत. गावाला जायचं काकींनी कधीच सोडलं. कोळंबीचा काळा दोरा नखाने ओढून काढत त्यांनी एवढंच सांगितलं.

ठाणं मला जवळ. तरी मुद्दाम उलटा दादरला गेलो आणि तिथून कोकणकन्येत चढलो. स्वतःची खिडकी गाडीतून बघायची होती. कुर्ला गेलं, घाटकोपर गेलं, विक्रोळी गेली तसा मी दारात येऊन उभा राहिलो. आणि मग एक पिवळा चौकोन आला. त्यात मांडणी होती, पिंप होतं, भिंतीवरचं कॅलेंडर होतं की नव्हतं कोण जाणे. गेला. इतक्या वर्षांचा संसार जेमतेम एका पापणीएवढा. त्या रात्री भिंतीपलीकडून काकी "गेली" म्हणाल्या असतील, तर त्या शब्दात मीही होतो.

राजापूर मागे पडलं तेव्हा फटफटलं. या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत, आणि पहाटेच्या झोपेत ते सगळे एकाच लांबलचक स्वप्नासारखे येतात. गाडी डोंगरात शिरते, आवाज अंगावर येतो, खिडकीतून दगडाचा गार श्वास लागतो. मग एकदम उजेड, भाताची कोरडी खाचरं, जांभ्याच्या गडग्यामागे एखादं कौलारू घर, तुळशीपुढे वाकलेली बाई. आणि ती ताठ होण्याआधी पुन्हा काळोख. कापलेल्या डोंगराची कड लालभडक. इथली माती बघून वाटत राहतं, ही भाजली आहे की अजून कच्ची आहे? फणसाचा वास डब्यात शिरला तेव्हा समोरच्या बर्थवरचे आजोबा उठून बसले, चष्मा न लावताच म्हणाले, "कणकवली इली." चष्म्याची गरजच नव्हती.

कुडाळला उतरून एसटीने मालवण. बंदरावर पोचलो तेव्हा ऊन पाण्यावर पत्र्यासारखं वाजत होतं. समोर, हाक मारली तर पोचेल इतक्या अंतरावर, कुरटे बेटावर सिंधुदुर्ग. गंमत म्हणजे किल्ला दिसतो आणि दरवाजा दिसत नाही. बुरुजामागून बुरुज, तटाची एक अखंड काळी ओळ, आणि आत जायचं कुठून याचा पत्ता नाही. होडी अगदी तटाच्या पायाशी येऊन वळते तेव्हा दोन बुरुजांच्या कुशीत दडलेली वाट दिसते. उंबरा ओलांडणाऱ्यालाच कळावं असं ते दार. होडीवाल्याने इंजिन बंद केलं, पायरीच्या कडीतला दोर ओढून घेतला आणि तो डाव्या पायाच्या अंगठ्यात अडकवून उभा राहिला. लाट आली की अंगठा दोरासकट ताणला जाई, नख पांढरं पडे. लाट गेली की पुन्हा रक्त येई. त्या एका अंगठ्यावर आम्ही वीस-पंचवीस माणसं एकेक करून उतरलो.

25 नोव्हेंबर 1664 रोजी या किल्ल्याचं काम सुरू झालं. मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी शिवाजी महाराजांनी पूजा केली तो खडक अजून दाखवतात. पायात शिसं ओतलं असं सांगतात. तीन वर्षं काम चाललं. पुढे 1765 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं. ते नाव बहुधा पहिल्याच पावसात वाहून गेलं असावं, कारण बंदरावर कुणाला विचाराल तर लोक हसतील. 2025 साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात हाही आहे. मला तटापेक्षा तटाचं पाऊल बघत बसावंसं वाटलं. ओहोटी होती. काळ्या दगडांना कालवं चिकटलेली, त्यांच्या कडा पात्यासारख्या, आणि प्रत्येक लाटेनंतर सगळ्या भिंतीतून हलकं फुरफुर ऐकू यायचं, जणू दगड पाणी पिऊन ओठ पुसतोय.

दरवाजाजवळ, तटावर, दोन छोट्या घुमट्या आहेत. चुन्यात उमटलेला हाताचा ठसा, आणि पायाचा. महाराजांचे मानतात. मी जाळीतून पाहिलं. इतका मोठा माणूस, आणि पंजा आपल्यासारखाच, बोटांच्या पेरांत किंचित चेपलेला. ओल्या चुन्यावर हात ठेवताना गार लागलं असेल. पुढे राजारामांच्या काळात बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ. आत दाढी नसलेले शिवाजी महाराज, आणि बाहेरच्या झगझगीत उन्हातून आल्यावर काही क्षण ते दिसतच नाहीत. नुसता तेलाचा वास, घंटेचं लोंबतं टोक, अंधार. मग हळूहळू अंधारातून एक चेहरा येतो.

आणि मग बावी. दूधबाव, साखरबाव, दहीबाव. काय नावं आहेत! चहूबाजूंनी खारट समुद्र, आणि मधे ठेवलेली ही दुभत्याची फडताळं. ज्यांनी ही नावं ठेवली ती माणसं पाण्याला चांगलीच आसुसलेली असणार. आमच्या माणातलीच वाटावीत. जाणकार सांगतात की बेटावर मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे जमिनीच्या पोटात त्याच्यावर तरंगत राहतं. खाऱ्यावर गोडं, सायीसारखं. फार खोल गेलात, अधाशीपणाने उपसलंत, तर खालचं खारं वर येईल. हे ऐकल्यापासून मला त्या बावीपेक्षा, तिला किती खोल खणायचं नाही हे ज्याला कळलं त्या माणसाचं नवल वाटत आलंय.

किल्ल्यावर अजून काही कुटुंबं राहतात. त्यांच्यातली एक आजी कळशी घेऊन आली. माझ्या हातातली रिकामी बाटली बघून म्हणाली, "खंयचे?"

"मुंबईचा. कांजूरमार्ग."

"ता झाला. गाव खंयचा?"

"माण. सातारा जिल्हा."

आजीने क्षणभर विचार केला. "थंय पाणी आसा?"

"नाही," म्हणालो. तिने पुढे काही विचारलं नाही. कळशी सोडली. दोर तिच्या तळव्यातून सुर्र करत खाली गेला, कळशी तिरपी होऊन भरल्याचा तो खोल, गुळगुळीत आवाज आला, जो मी लहानपणी गावच्या विहिरीवर शेवटचा ऐकला होता. आणि पाणी वर येईपर्यंत आम्ही दोघं बावीत वाकून बघत राहिलो. आत आभाळाचा एक गोल तुकडा होता, त्याला आमची दोन डोकी होती, आणि कळशीने तो तुकडा ढवळला तेव्हा डोकी एकमेकांत मिसळली.

ओंजळीत घेऊन प्यालो. गोड. गोड म्हणजे काय, साखरेसारखं थोडंच लागतं? खारट लागत नाही, याला आपण गोड म्हणतो. तीनशे साठ वर्षं समुद्र या किल्ल्याला वेढून बसलाय आणि त्याची चव या पाण्याला लागलेली नाही, याला गोड म्हणतो. वडील गेले त्याला आता अकरा वर्षं झाली. त्यांचं ते वाक्य मी आयुष्यभर खरं मानलं होतं; एवढं पाणी आणि प्यायला घोटभर नाही. आणि इथे हातात घोटभर होतं, आणि सांगायला ते नव्हते.

आजी म्हणाली, "भरा बाटली. सांडू नका."

पुढचे दोन दिवस मी जे बघायचं ते सगळं बघितलं. तारकर्लीची वाळू, धामापूरचा तलाव, त्याच्या काठावरचं भगवतीचं देऊळ आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. देवबागला एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे माडांची चिंचोळी पट्टी. तिथे रात्री एका घराच्या पडवीत झोपलो तेव्हा डाव्या कानाला समुद्र ऐकू येत होता आणि उजव्या कानाला नदी, आणि दोघांच्या आवाजात फरक होता. समुद्र सांगत असतो. नदी ऐकत असते. सकाळी रापण ओढणाऱ्या माणसांच्या ओळीत मीही दोराला हात लावला. पाचव्या मिनिटाला तळवे पेटले आणि मी बाजूला झालो. कुणी हसलं नाही, ही त्यांची सभ्यता.

कुडोपीचा सडा मात्र विसरता येत नाही. मालवण तालुक्यातच आहे. गावावरून चढून गेलं की जांभ्याचं काळं पठार, करवंदीची जाळी, भाजणारं ऊन, आणि त्या कातळावर कुणी, कधी, कशासाठी कोरलेल्या रेषा. कोकणातली अशी कातळशिल्पं 2022 पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. पण तिथे उभं राहिलं की आधी काहीच दिसत नाही. पायाखाली एक चर, पुढे दुसरा, तिसरा वळलेला. हा हात असेल का? हे पोट? आकृती माणसापेक्षा मोठी. तिच्यावर उभं राहणाऱ्याला ती कळत नाही. वरून पाहायला हवी, आणि त्या काळी वरून पाहणारं कोण होतं? घार. ज्याने हे कोरलं त्याने स्वतःचं काम पुरतं कधीच पाहिलं नसेल. वाकून, एका वेळी वीतभर, तो रेघ पुढे नेत राहिला असेल. मी एका चरात बसलो. त्यात कालच्या कुणाच्या तरी करवंदांच्या बिया पडल्या होत्या आणि एक मुंगी त्या रेषेच्या काठाकाठाने, न चुकता, त्या अज्ञात आकृतीची प्रदक्षिणा घालत होती.

परत आलो. ठाण्याला उतरून लोकलने. मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूर. बाटली पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली. एक थेंब सांडला नव्हता.

संध्याकाळी काकींकडे गेलो. त्यांनी बाटली उजेडात धरली, हलवली, झाकण उघडून वास घेतला. मग वाटीत थोडं ओतलं, तर्जनी बुडवली आणि जिभेला लावली. मी वाट बघत होतो. त्यांनी वाटी तुळशीत ओतली, बाटली देव्हाऱ्याखाली ठेवली आणि भजी तळायला बसल्या. मी सांगत सुटलो. दडलेला दरवाजा, घुमट्या, कालवं, सायीसारखं तरंगणारं पाणी, सडा, मुंगी. फोनवरचे दीडशे फोटो एकेक करून दाखवले. काकी मधे मधे बघत होत्या, मधे मधे भजी उलटत होत्या.

"होडयेर कोण व्हतो?" त्यांनी विचारलं.

मी थांबलो. फोटो मागे नेले, पुढे नेले. तट होता, बुरुज होते, निशाण होतं, लाटा होत्या, होडीत बसलेली माणसं होती, मी होतो.

"तोंड बघूक नाय?"

"नाही."

"मगे काय बघलंस?"

खरं तेच सांगितलं. पाय बघितला, म्हणालो. डाव्या पायाचा अंगठा. त्यात दोर अडकवून त्याने होडी धरली होती. लाट आली की नख पांढरं पडत होतं. बोलता बोलता मला उगाच वाटायला लागलं की या खुणेतून काहीतरी उलगडेल, काकींच्या वडिलांचीही अशीच लकब असेल, कुणी पुतण्या, कुणी नातू, रक्ताची काहीतरी ओळख. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

काकींनी झारा कढईच्या काठावर दोनदा आपटला, तेल निथळू दिलं आणि हसल्या.

"सगळेच तशी धरतत रे."

माझ्यापुढे भज्यांची ताटली सरकवली. मग तावदान थरथरू लागलं.